बोटभर जागा

पुण्याहून आलेल्या कागदावरच्या दोन चौकटी आमच्या घरात तीन आठवडे कोऱ्या राहिल्या. एकीत लिहायचं होतं, टायर जास्तीत जास्त किती रुंद बसायला हवा. दुसरीत नुसतं 'हो' किंवा 'नाही': मडगार्डची सोय. बाकीचा कागद एका संध्याकाळी भरून झाला होता. लेकीची उंची चार फूट दहा इंच, पायाची आतली लांबी, हाताची लांबी, खांद्यांची रुंदी, वजन. ईदच्या कपड्यांसाठी शिंप्याला माप द्यावं तसं सगळं दिलं. अडलं ते या दोन चौकटींपाशी.

सायकल लेकीची, पैसे आमचे आणि मत घरातल्या प्रत्येकाचं, म्हणून इथे 'मी' न लिहिता 'आम्ही' लिहितो आहोत. हे लिहिणारं माणूस उर्दू शाळेत मराठी शिकवतं. सायकलीतलं त्याला जे थोडंफार कळतं ते अब्बांच्या दुकानातल्या फळीवर बसून ऐकलेलं, आणि उरलेलं लेकीशी वाद घालताना शिकलेलं.

श्रीरामपूरला अब्बांनी चाळीस वर्षं सायकलीचं दुकान चालवलं. पंक्चर, ओव्हरऑइल, चाकाची आऊट काढणं, आणि एका काळात तासाच्या भाड्याने सायकली. दुकान आता नावालाच आहे. पण पान्हे, छर्ऱ्यांच्या डब्या आणि भिंतीतले खिळे जागच्या जागी आहेत. रोज असरनंतर अब्बा तासभर तिथे जाऊन बसतात.

लेक लोणीला कॉलेजात शिकते. साठवलेली ईदी आणि थोडे आमचे पैसे घालून तिने एक जुनी रेसिंग सायकल घेतली होती. बारीक, हलकी, खाली वळलेल्या हँडलची. दुकानदाराने सगळ्यात लहान माप म्हणून दिली होती, तरी तिला ती मोठीच होती. हँडलपर्यंत पोहोचायला ती पुढे ताणलेली असायची. टायर 23 मिलिमीटरचे, म्हणजे अंगठ्याएवढे रुंद. त्यात शंभर पाउंड हवा. मडगार्ड नाहीच, कारण बसवायला जागाच नाही. चिमटा आणि टायर यांच्यात पोस्टकार्ड जेमतेम सरकावं एवढी फट. अब्बांनी सायकल पहिल्यांदा पाहिली तेव्हा चिमट्याखाली करंगळी घालून बघितली. गेली नाही. "उंगली नै जाती," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले.

गेल्या ऑगस्टमध्ये बाभळेश्वरच्या अलीकडे ती पडली. (गावाच्या नावातच बाभूळ आहे, आणि त्या रस्त्यावर काट्यांनी झालेली पंक्चरं आम्ही मोजायची सोडून दिली आहेत. पण तो दिवस काट्याचा नव्हता.) रात्रभर पाऊस पडून गेलेला. खड्डा पाण्याने काठोकाठ भरलेला. वरून बघणाऱ्याला ते नुसतं ओलं डांबर. पुढचं चाक आत गेलं, टायर चेपून रिम थेट खड्ड्याच्या काठावर आदळली. नंतर अब्बांनी ट्यूब उलगडून दाखवली. सापाने डसावं तशी शेजारी शेजारी दोन भोकं होती. रिम वाकली होती. लेकीचं उजवं मनगट मोडलं होतं.

सहा आठवडे प्लास्टर. त्यातल्या एका रात्री आम्ही ठरवून टाकलं की सायकल आता बंद, स्कूटी घेऊ. हे तिला सांगितलं नव्हतं, पण घर लहान, भिंती पातळ. दुसऱ्या दिवशी ती जेवली नाही. अब्बांनी मात्र आम्हालाच फळीवर बसवून विचारलं, "पोर पडली ती पोरीच्या चुकीने की सायकलीच्या? माप मोठं, टायर बारीक. दोन्ही गोष्टी आपण डोळ्यांनी बघितल्या होत्या ना?" याला उत्तर नव्हतं. स्कूटीसाठी बाजूला काढलेले पैसे तिच्या मापाची सायकल बनवून घेण्यात घालायचे, हे त्या फळीवर ठरलं. पुण्यात स्टीलच्या नळ्या जोडून मापाप्रमाणे फ्रेम बनवणारा एक कारागीर तिच्या माहितीत होता. त्याचाच हा कागद.

आणि त्या दोन चौकटी.

लेकीचं म्हणणं सरळ होतं. टायर 28 पुरे, मडगार्ड नको. तिला ब्रेव्हे करायची आहे. ही शर्यत नसते. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात स्वतःच्या बळावर पुरं करायचं असतं. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस. ती दहा वर्षांची असताना, 2015 मध्ये, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4800 किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली होती. त्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण तिच्या कपाटाच्या दाराला आतून अजून चिकटवलेलं आहे. वजनाचा एकेक ग्रॅम मोजणारी माणसं त्या जगात असतात, आणि मडगार्ड म्हणजे तारांसकट अर्धा किलोच्या आसपास फुकटचं ओझं. शिवाय दिसायला? "दूधवाल्याची सायकल," ती म्हणाली.

अब्बांची यादी वेगळी: जाड टायर, लांब मडगार्ड, मागे रबरी झडप, कॅरियर, स्टँड, घंटी. आम्ही मधोमध, म्हणजे कोणाच्याच बाजूने नाही आणि दोघांचीही बोलणी खाणारे.

शेवटी कारागिराला फोन लावला आणि अर्धा तास प्रश्न विचारले. शाळेत मुलांना आम्ही सांगतो, प्रश्न विचारायला लाजू नका. तो उपदेश त्या दिवशी आमच्याच कामी आला. त्याने सांगितलं ते असं. मडगार्ड नंतरही लावता येतात, काढता येतात. टायरही बदलता येतात. पण त्यांच्यासाठी लागणारी जागा नंतर तयार करता येत नाही. मागच्या चाकाला धरणाऱ्या नळ्या किती लांब, चिमट्याची दोन पाती किती अंतरावर, ब्रेक कुठवर पोहोचणार, हे फ्रेम जोडतानाच पक्कं होतं. रेसिंगच्या सायकलीला जे छोटे ब्रेक लागतात ते 49 मिलिमीटरच्या पुढे पोहोचत नाहीत, त्यामुळे टायर 28 च्या पलीकडे गेला की मडगार्डला जागा उरत नाही. डिस्क ब्रेक घेतले तर ती अडचण नाही. मडगार्डचे स्क्रू बसतात ती आटे असलेली लहान बोंडंही रंगाच्या आधी जोडावी लागतात. मागाहून जोडायची म्हटली तर रंग जाळावा लागतो. "मडगार्ड लावा असं मी म्हणत नाही," तो म्हणाला, "पण जागा ठेवायची की नाही ते आजच सांगा."

या बोलण्याने वादाचं रूप बदललं. मडगार्ड हवेत की नकोत, हा प्रश्न बाजूला पडला. उद्या मन बदललं तर त्याला वाट ठेवायची का, एवढंच उरलं.

रुंद टायर म्हणजे हळू सायकल, ही समजूत आमचीही होती, लेकीचीही. ती तिनेच वाचून वाचून मोडली, हे मान्य केलं पाहिजे. गुळगुळीत फरशीवर बारीक, टणक टायर पळतो खरा. पण रस्ता खडबडीत असला की टणक टायर प्रत्येक खड्याला सायकल आणि स्वार दोघांना वर उचलतो, आणि त्या हादऱ्यात पायांची ताकद वाया जाते. मऊ, रुंद टायर खडा पोटात घेतो आणि पुढे जातो. युरोपातले व्यावसायिक स्वार वर्षानुवर्षं 23 वर धावले. आता तेही 28 आणि त्याहून रुंद टायर वापरतात, आणि दगडी फरसबंदीवरून जाणाऱ्या पॅरिस-रुबे शर्यतीत 30 च्या पुढे जातात. तसं पाहिलं तर हवेचा टायर आला तोच हादऱ्यांवर उपाय म्हणून. बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी 1888 मध्ये पेटंट घेतलं, ते मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर आदळत होती म्हणून रबराच्या नळीत हवा भरून बघितल्यावर. (त्यांच्याही आधी, 1845 मध्ये, रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने अशीच कल्पना नोंदवली होती, पण तेव्हा सायकलच नव्हती म्हणून ती पडून राहिली.) अब्बांना ही डनलॉपची गोष्ट फार आवडली. बापाने पोरासाठी केलं, एवढ्यावर ते खूश.

लेकीने एका रात्री जाहीर केलं, "38 चालेल." अब्बांनी विचारलं, 38 म्हणजे इंचात किती? दीड. अब्बा इतके हसले की खोकला आला. डबल बारच्या काळ्या सायकलीचा, अठ्ठावीस बाय दीडचा टायर त्यांनी जन्मभर बसवला होता. "म्हणजे दूधवाल्याचाच की!"

आता चिखल. आमच्या भागातली जमीन काळी, कालव्याच्या पाण्याची, उसाची. परतीच्या पावसात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर मातीचे पट्टे सोडून जातात. पुढे गळीत सुरू झालं की उसाच्या कांड्या आणि पाचट त्यात भर घालतात. पाऊस थांबला तरी बिनमडगार्डच्या सायकलीवर मागच्या चाकाने उडवलेलं पाणी कमरेपासून मानेपर्यंत एक सरळ पट्टा काढतं. पुढचं चाक बूट आणि चेन भरतं. लेक अशा अवस्थेत कॉलेजात जाऊन बसत होती. ओढणी पिनांनी बांधून, पाठीवर तो पट्टा घेऊन. जुहरच्या वेळी कपड्यांचं काय करतेस, असं घरातल्या बायकांनी विचारलं तर म्हणे पिशवीत दुसरा कुर्ता असतो. रस्त्यावरच्या पावसाच्या चिखलाला शरीअतने सवलत दिली आहे, हे अब्बांनी लगेच सांगितलं. "माफी आहे," म्हणाले, "पण कुर्ता धुवायला तर लागतोच ना."

पण याच चिखलाने अब्बांना स्वतःच्याच मताविरुद्ध साक्ष द्यायला लावली. काळी माती मडगार्डच्या आत बसते. टायर आणि मडगार्ड यांच्यात जागा कमी असेल तर ती तिथे दाबली जाते, त्यात पाचट अडकतं, आणि शंभर पावलांत चाक जाम. पावसाळ्यात खेड्यांतून येणारे लोक सायकल खांद्यावर घेऊन दुकानात यायचे. अब्बा लाकडी काडीने ती माती कोरून काढायचे, आणि काहींनी तर मृग लागला की मडगार्ड काढूनच ठेवलेले असायचे. म्हणजे अंगावर चिखल उडू नये म्हणून बसवलेली वस्तू ऐन चिखलातच काढून ठेवायची! इंग्लंडच्या पावसाळी रस्त्यावर टायर आणि मडगार्डमध्ये एक सेंटिमीटर पुरत असेल. आमच्या काळ्या मातीला पुरत नाही. "बोट गेलं पाहिजे," अब्बा म्हणाले, "करंगळी नाही. अंगठा." आम्ही त्यांचा अंगठा पट्टीने मोजला. वीस मिलिमीटर. हे कारागिराला कळवलं तेव्हा तो आधी हसला आणि मग म्हणाला की हे माप त्याला आजवर कोणी दिलेलं नाही, पण तो लिहून घेईल.

याच्यापुढे एक अडचण आली तिचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. लेकीची उंची कमी, म्हणून फ्रेम आखूड. फ्रेम आखूड म्हणून पुढचं चाक पायाच्या जवळ. हळू जाताना हँडल वळवलं की बुटाचा चवडा चाकाला घासतो. जुन्या सायकलीवर हे व्हायचंच, बाजारात वळताना दोनदा ती त्यामुळे पडता पडता वाचली होती. आता टायर रुंद केला आणि त्यावर अंगठाभर सोडून मडगार्ड बसवलं, तर पाय लागणारच. पायाचा धक्का नुसत्या टायरला लागला तर निसटतो. मडगार्डला लागला तर मडगार्ड वाकून चाकात जाऊ शकतं. म्हणजे एका बाजूने सुरक्षितता मागावी तर ती दुसऱ्या बाजूने हातातून जाते.

उपाय कारागिराने सुचवला. चाकच लहान घ्यायचं. रेसिंगच्या सायकलीची रिम 622 मिलिमीटर व्यासाची असते. त्याऐवजी 584 ची. त्यावर 38 चा टायर चढवला की एकूण चाक 660 चं होतं, म्हणजे जुन्या 23 च्या टायरसह 668 होत होतं त्याहूनही किंचित लहान. फ्रान्समध्ये लांब पल्ल्याच्या स्वारांचं हे जुनं आवडतं माप. पॅरिसचे रेने हेर्स अशा सायकली बनवायचे. ॲल्युमिनियमची मडगार्ड फ्रेमसोबतच मापाने बसवलेली, आणि स्वार त्यांच्यावर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचे 1200 किलोमीटर काढायचे. हेर्स यांची मुलगी लिली बापाने बनवलेल्या सायकलींवर एकापेक्षा जास्त वेळा फ्रान्सची विजेती झाली. हे वाचल्यावर 'दूधवाल्याची सायकल' हा शब्द लेकीच्या तोंडून परत आला नाही. आम्हाला मात्र दुसरी गोष्ट जास्त पटली. 584 म्हणजे हल्ली पोरांच्या गिअरच्या सायकलींना येतं तेच साडेसत्तावीसचं चाक. त्याची ट्यूब श्रीरामपूरलाच काय, राहुरीला, नेवाशालाही मिळते. 23 ची ट्यूब आम्ही पुण्याहून मागवत होतो.

तरी कागद भरला गेला नाही, कारण एके दिवशी लेकीचा बांध फुटला. आम्ही जेवताना सहज म्हणालो होतो, एवढं करतोच आहोत तर कॅरियरही लावून घेऊ, भाजी आणता येईल, धाकट्याला क्लासला सोडता येईल. ती ताट सरकवून म्हणाली, "तुम्हाला माझी सायकल नकोच आहे. घरची सायकल हवी आहे."

आम्ही गप्प झालो. हे लिहिणाऱ्या माणसाला शाळेत असताना अब्बांनी एक लेडीज सायकल दिली होती. तिच्यावरून शाळेत जायचं, येताना गिरणीतून पीठ आणायचं, रॉकेलचा डबा आणायचा, आजीची औषधं, भावाचा डबा. ती सायकल नुसती फिरायला म्हणून, वारा खायला म्हणून कधी बाहेर काढल्याचं आठवत नाही. भावाची सायकल होती, ती मात्र कालव्यावर पोहायला जायची. मडगार्डचा, टायरचा आमचा आग्रह किती काळजीचा आणि किती सवयीचा, हे त्या रात्री आम्ही एकमेकांना विचारलं. दोन्हीचा होता. कॅरियरचा तर पूर्ण सवयीचाच.

दुसऱ्या दिवशी कागद तिच्या हातात दिला. टायर: 38. मडगार्डची सोय: हो. सायकलीसोबत मडगार्ड: हो, पण सुटे. खाली 'इतर' म्हणून ओळ होती, तिथे तिने 'कॅरियर नाही' लिहून दोन रेघा मारल्या. अब्बांनी चष्मा लावून वाचलं आणि घंटी तरी लिही म्हणाले. तिने घंटी लिहिली.

सायकल रमजान लागायच्या थोडी आधी आली. हिरवी, गडद. रंग तिने निवडला. अब्बांनी ती दुकानापुढे उभी केली, चिमट्याखाली अंगठा घातला, इकडेतिकडे फिरवला आणि मान हलवली. ईदनंतर तिने पुण्याहून निघणारी 200 ची ब्रेव्हे केली. मडगार्ड काढून. रस्ता कोरडा होता, ऊन रणरणतं होतं, आम्ही दिवसभर फोनकडे बघत होतो. बारा तास पन्नास मिनिटांत पोहोचली. मडगार्डची जोडी तेव्हा अब्बांच्या दुकानात खिळ्याला लटकत होती, एखाद्या जुन्या वाद्यासारखी.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला त्या संध्याकाळी लेक भिजून घरी आली. पाठीवर तोच पट्टा. घरात कोणी काही बोललं नाही. बोलायचं नाही असं आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं, आणि अब्बांनाही बजावलं होतं. त्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर अगदी उंच धरलं होतं.

फजरनंतर दुकानाचं शटर वाजलं. जाऊन पाहिलं तर सायकल उलटी उभी, लेक खाली बसलेली, खिळा रिकामा. "दादा, आठ नंबरचा पान्हा कुठे आहे?" अब्बांनी डबी पुढे केली. मदतीला हात लावला नाही. तिने सगळे स्क्रू स्वतः आवळले, चाक फिरवून पाहिलं, कुठे घासत नाही ना ते कान लावून ऐकलं. मग अब्बा वाकले आणि त्यांनी टायर आणि मडगार्डच्या मधे अंगठा सरकवला.